शोभेचे गवत, कुत्रा आणि कुसळ

पुण्या-मुंबईच्या नव्या गृहसंकुलांमधील बागांचे रूप गेल्या काही वर्षांत पार पालटले आहे. तगर, जास्वंद आणि मेंदीच्या कुंपणाची जागा आता शोभेच्या गवतांनी घेतली आहे. प्रवेशद्वारापाशी, पायवाटेच्या कडेला, पोहण्याच्या तलावाभोवती हातभर उंचीचे गवताचे झुबके दिसतात आणि त्यांवर कोल्ह्याच्या शेपटीसारखी मऊ, गुलाबी किंवा तपकिरी कणसे वाऱ्यावर डोलत असतात. रोपवाटिकेत हे गवत ‘फाउंटन ग्रास’ या नावाने मिळते. कारंज्यातून पाणी उसळून चहूबाजूंनी खाली यावे, तशी त्याची पाने झुकलेली असतात, म्हणून हे नाव. पाणी कमी लागते, कीड फारशी पडत नाही, माळ्याला त्रास नाही. बांधकाम व्यावसायिकांना ते आवडले नसते तरच नवल.

याच काळात संकुलांमधील कुत्र्यांची संख्याही वाढली. सकाळ-संध्याकाळ फिरायला नेलेला कुत्रा सर्वांत आधी नाक खुपसतो ते या झुबक्यातच. तेथे हुंगतो, पाय वर करतो, आणि मनात आले तर दोन-चार पाने चावून खातो. मग मालकाच्या मनात प्रश्न येतो, हे गवत विषारी तर नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फाउंटन ग्रास विषारी नाही. कुत्र्याने त्याची पाने खाल्ली तर फार तर उलटी होईल. पण विषारी नाही याचा अर्थ निर्धोक आहे असा नव्हे, आणि घोळ नेमका येथेच होतो. गवतापासून कुत्र्याला होणारा खरा त्रास पोटात जाणाऱ्या रसाचा नसतो. तो अंगात शिरणाऱ्या काट्याचा असतो, मुळाशी टाकलेल्या औषधाचा असतो, आणि कधी कधी शेजारी लावलेल्या भलत्याच झाडाचा असतो.

बाजरीचे भाऊबंद

फाउंटन ग्रासचे मूळ उत्तर व पूर्व आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांत आहे. वनस्पतिशास्त्रात ते दीर्घकाळ ‘पेनिसेटम सेटेसियम’ म्हणून ओळखले जात होते. २०१० मध्ये ‘पेनिसेटम’ हे संपूर्ण कुळ ‘सेंक्रस’ या कुळात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव अभ्यासकांनी मांडला, तेव्हापासून ‘सेंक्रस सेटेसियस’ हे नावही रूढ झाले आहे. मराठी वाचकाला याहून जवळची ओळख सांगायची तर, हे गवत म्हणजे बाजरीचे भाऊबंद. आपली बाजरी आणि दुभत्या जनावरांना घातले जाणारे हत्ती गवत दोन्ही याच गोतावळ्यातील आहेत. बाजरीचे कणीस हातात धरून दाण्यांमधील बारीक केस पाहिले की फाउंटन ग्रासच्या कणसाची कल्पना येते. फरक इतकाच, की बाजरीत माणसाने शतकानुशतके दाणा वाढवला, तर या गवतात निसर्गाने केस वाढवले.

या गोतावळ्यातील काही गवतांत ऑक्झॅलेट नावाच्या क्षारांचे प्रमाण जास्त असते. अशा गवताच्या कुरणावर महिनोन् महिने चरणाऱ्या घोड्यांच्या हाडांतील कॅल्शियम कमी होऊन त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो. ही गोष्ट पशुवैद्यकात सर्वश्रुत आहे. अर्धवट वाचलेली अशी माहिती कधी कधी कुत्र्याच्या मालकालाही घाबरवून सोडते. परंतु घोडा दिवसभर तेच खातो आणि कुत्रा गंमत म्हणून दोन पाती. तेव्हा या बाबतीत कुत्र्याच्या मालकाने काळजी करण्याचे कारण नाही.

कुत्रा गवत का खातो, याविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. पोट बिघडले की कुत्रा गवत खाऊन उलटी काढतो, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दीड हजारांहून अधिक मालकांची उत्तरे तपासली. त्यांपैकी ६८ टक्के मालकांचे कुत्रे रोज किंवा आठवड्यातून कधी ना कधी गवत वा इतर पाला खात होते. खाण्यापूर्वी कुत्रा अनेकदा आजारी दिसतो, असे म्हणणारे केवळ ८ टक्के होते, तर खाल्ल्यानंतर नेहमी उलटी होते, असे सांगणारे २२ टक्के. म्हणजे बहुतेक निरोगी कुत्री गवत खातात आणि पचवतात किंवा जसेच्या तसे बाहेर टाकतात. लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडते. ही सवय मोडण्याच्या मागे लागण्यापेक्षा कुत्रा कोणते गवत खातो आहे, त्यावर काय फवारले आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

कुसळाची करामत

इंग्रजी संकेतस्थळांवर या विषयाची माहिती शोधणाऱ्यास ‘फॉक्सटेल’ हा शब्द हटकून भेटतो. कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या तोंडावर वाळणाऱ्या रानटी जवाच्या आणि तत्सम गवतांच्या कणसांना तेथे हे नाव आहे. त्यांचे टोकदार दाणे कुत्र्यांच्या नाकाकानांत शिरतात आणि तेथील पशुवैद्यांचा उन्हाळा ते काढण्यातच जातो. फाउंटन ग्रासचे कणीसही दिसायला कोल्ह्याच्या शेपटीसारखेच. त्यामुळे दोहोंची गल्लत होते आणि परदेशातील धास्ती आपल्या बागेतल्या भलत्याच गवताला चिकटते.

वस्तुतः या संकटासाठी मराठीला परका शब्द उसना घेण्याची गरज नाही. आपल्याकडे ‘कुसळ’ आहे. म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात दिसते, ते उगीच नव्हे. ज्यांनी हा शब्द घडवला, त्यांची जनावरे रानात चरत होती आणि कुसळ डोळ्यात गेले म्हणजे काय होते, हे त्यांनी पाहिले होते.

कुसळाची रचना विलक्षण आहे. दाण्याचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते. त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. त्यामुळे दाणा पुढे सरकू शकतो, मागे मात्र येऊ शकत नाही. माशाच्या गळासारखीच ही योजना. दाण्याच्या वरच्या बाजूला लांब शेपूट असते. डेक्कनच्या पठारावरील ‘कुसळी’ या गवतात, म्हणजे शास्त्रज्ञांच्या ‘हेटरोपोगॉन कॉन्टॉर्टस’मध्ये, ही शेपूट दोरीसारखी पिळलेली असते. हवेत ओलावा आला की तिचा पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बसतो. या फिरण्यामुळे दाणा गिरमिटासारखा जमिनीत घुसतो. बी रुजावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे, पण ओलसर त्वचा आणि ओलसर जमीन यांतला फरक कुसळाला कळत नाही.

मेंढपाळांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. कुसळी फुलण्यापूर्वी चांगला चारा असते, फुलून वाळली की तीच लोकरीत रुतते, कातडीत घुसते आणि जनावराचे तोंड सोलवटून काढते. म्हणून हे गवत कोवळे असतानाच कापण्याचा किंवा चारण्याचा प्रघात आहे. शहरातल्या कुत्र्याच्या मालकाजवळ मात्र हे शहाणपण पोहोचलेले नसते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर पावसाळा संपल्यावर कुत्र्याला मोकळे सोडणाऱ्यांनी परतताना आपल्याच पायमोज्यांकडे पाहावे. त्यांत अडकलेली तपकिरी कुसळे मोजली, तर चार पायांनी त्याच गवतातून धावलेल्या कुत्र्याच्या अंगावर किती असतील, याचा अंदाज येईल. आश्विन-कार्तिकापासून पुढे दोन-तीन महिने हा त्रास सर्वाधिक असतो.

याच्या तुलनेत फाउंटन ग्रास कितीतरी सौम्य आहे. त्याच्या प्रत्येक दाण्याभोवती लांब केसांचा झुपका असतो. हे केस खालच्या बाजूला पिसासारखे मऊ असतात, त्यांना कुसळीसारखे टणक, भोसकणारे टोक नसते. ताजे कणीस गालावरून फिरवले तरी टोचत नाही. कणीस वाळले की गोष्ट थोडी बदलते. झुपके सुटे होऊन वाऱ्यावर उडतात आणि कुत्र्याच्या लांब केसांत अडकतात. डोळ्याच्या कडेला, नाकपुडीत किंवा बोटांच्या बेचक्यात गेले तर खाज आणि दाह होतो. जखमेत शिरून पुढे सरकत जाण्याची शक्यता कुसळीपेक्षा पुष्कळ कमी असली, तरी अजिबात नाही असे म्हणता येत नाही. याच कुळातील काही रानटी भाईबंदांच्या बोंडांना तर चांगले टणक काटे असतात. मोकळ्या प्लॉटवर, पडीक वाळूत ती वाढतात. नवे संकुल आणि पडीक प्लॉट यांच्यामध्ये आपल्या शहरांत अनेकदा एक भिंतच असते, आणि गवताचे बी भिंत मानत नाही.

गवत नसलेल्या पण तितक्याच उपद्रवी दोन वनस्पती येथेच सांगितलेल्या बऱ्या. सराट्याचे काटे थेट पंजाच्या गादीत रुततात. आघाड्याची उलटी फळे केसांत अशी घट्ट बसतात की कात्री लावल्याखेरीज निघत नाहीत.

शिंक थांबली, पण...

कुसळ नाकात गेल्याची खूण चुकण्यासारखी नसते. एरवी शांत असलेला कुत्रा फिरून आल्यावर अचानक एकामागून एक जोरदार शिंका देऊ लागतो, पंजाने नाक चोळतो, डोके जमिनीवर घासतो. एका नाकपुडीतून रक्ताचा थेंबही येतो. काही तासांनी शिंका कमी होतात आणि मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. पण ही सुटका अनेकदा फसवी असते. कुसळ बाहेर पडले नसेल, तर ते आणखी आत सरकलेले असू शकते. काही दिवसांनी त्याच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव सुरू होतो, तेव्हा खरा प्रकार लक्षात येतो.

कानात गेले तर कुत्रा मान एका बाजूला कलती ठेवतो, डोके झटकतो आणि कानाला हात लावू देत नाही. अशा वेळी कोमट तेलाचे दोन थेंब कानात सोडण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे फार प्रिय आहे. तो कटाक्षाने टाळावा. कुसळाने कानाचा पडदा फाटला असेल, तर तेल थेट आतल्या कानात जाते आणि दुखणे वाढते. तेलामुळे पशुवैद्याला आत पाहणेही अवघड होते. कुसळ काढण्याचे काम दुर्बिणीने आत पाहून लांब चिमट्यानेच करावे लागते आणि बहुतेक वेळा त्यासाठी कुत्र्याला भूल द्यावी लागते.

पंजाची कथा वेगळी. येथे सुरुवात अगदी क्षुल्लक असते. कुत्रा दोन बोटांमधील जागा सतत चाटतो. तेथे वाटाण्याएवढी लाल गाठ येते, फुटते, थोडा पू येतो. घरी हळद दाबली जाते. दवाखान्यात प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळतात. जखम भरते, सगळे आनंदात असतात आणि दोन-तीन आठवड्यांनी गाठ पुन्हा येते, कधी त्याच जागी, कधी थोडी वर. जखम बरी होऊन पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर आत काहीतरी राहिले आहे, हे समजावे. कुसळ शरीरात विरघळत नाही. आपल्याबरोबर ते जंतू घेऊन जाते आणि जोवर ते आत आहे, तोवर औषधाचा परिणाम तात्पुरताच राहतो.

क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही, म्हणून काही नाही, असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरते. गवताचा तुकडा साध्या क्ष-किरणांत सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये तो सापडण्याची शक्यता अधिक. कुसळ श्वासाबरोबर फुफ्फुसात गेल्यास ते तेथून मार्ग काढत श्वासपटलाच्या आधाराने कण्याजवळील स्नायूंपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे पशुवैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अशा कुत्र्याला ताप येतो, पाठ दुखते, वजन उतरते आणि महिनाभरापूर्वी टेकडीवर दिलेल्या शिंका कोणाला आठवतही नाहीत. पशुवैद्याकडे जाताना ‘गवतातून फिरून आल्यावर सुरू झाले’ हे एक वाक्य सांगायला विसरू नये. अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

डोळा हा यांतील सर्वांत तातडीचा अवयव. पापणी मिटलेली, डोळ्यातून पाणी, पंजाने चोळणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. तिसऱ्या पापणीखाली अडकलेले कुसळ प्रत्येक उघडझापीला बुबुळावर ओरखडा काढत असते.

मुळाशी काय टाकले आहे?

गवत निर्दोष ठरले, तरी गवताच्या मुळाशी असलेल्या मातीला तसे प्रशस्तिपत्र देता येत नाही. कुत्र्यांच्या जिवावर बेतणारे प्रकार घडतात ते येथे.

पहिला प्रकार वाळवी, हुमणी व मुंग्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांचा. यांतील अनेक औषधे सेंद्रिय फॉस्फरस गटातील असतात. माळ्यांच्या तोंडी अजूनही ज्याचे नाव असते, त्या दाणेदार फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. मात्र जुन्या डब्यांना बंदीची तारीख माहीत नसते. तेव्हा संकुलाच्या अवजारांच्या खोलीत काय पडून आहे, हे कधीतरी पाहिलेले बरे. अशा औषधाने बाधा झालेल्या कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, जुलाब लागतात, स्नायू थरथरू लागतात. यावर ॲट्रोपिनसारखा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच.

दुसरा प्रकार पावसाळ्याचा. शंखी गोगलगायींचा उपद्रव महाराष्ट्रात सर्वांनी अनुभवला आहे. मराठवाड्यात २०२२ च्या पावसाळ्यात त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. शहरांतील बागांतही त्या येतात आणि दाट गवताच्या झुबक्यांचा ओलावा त्यांना मानवतो. त्यांना मारण्यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पसरल्या जातात. गोगलगायीला आकर्षित करण्यासाठी या गोळ्या खाद्यपदार्थ मिसळून बनवलेल्या असतात आणि नेमक्या त्याच कारणाने त्या कुत्र्यालाही आवडतात. पोटात गेल्यावर काही तासांतच कुत्रा थरथरू लागतो, झटके येतात, अंगाचा ताप धोक्याच्या पातळीवर जातो. या विषाला ठरलेला उतारा नाही. झटके आवरणे, अंग थंड करणे आणि सलाइन देणे एवढेच पशुवैद्याच्या हाती असते. फाउंटन ग्रास विषारी असल्याचा बोभाटा कुठे झालाच, तर गवताखाली निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या गोळ्या पडल्या आहेत का, हे आधी पाहावे.

तिसरा प्रकार ‘सेंद्रिय’ या शब्दाच्या आडून येतो, म्हणून अधिक फसवा. एरंडीची पेंड रोपवाटिकांत सर्रास मिळते. खत म्हणून ती उत्तम आहे आणि मुंग्या-वाळवीलाही आळा घालते. परंतु एरंडीच्या बियांत रायसिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. तेल काढून घेतल्यावर ते पेंडीत मागे राहते. पेंड योग्य उष्णता देऊन निर्विष केलेली नसेल, तर तिचा मूठभर ऐवज कुत्र्याला पुरेसा होतो. तीत हाडांचा चुरा मिसळलेला असेल, तर कुत्रा माती उकरून ती खातो. परिणाम लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. ज्या घरात किंवा संकुलात कुत्रे आहेत, तेथे कडुनिंबाची पेंड किंवा चांगले मुरलेले शेणखत वापरावे, एरंडीची पेंड आणूच नये.

विष पोटात गेल्याची शंका आली की मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न होतो. हा उपाय आता त्याज्य मानला जातो, कारण जास्त मीठ हेच कुत्र्याला घातक ठरते. झटके येत असताना तोंडात काहीही ओतले, तर ते फुफ्फुसात जाते. औषधाचे वेष्टण किंवा उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून कुत्र्याला तडक दवाखान्यात न्यावे. वेष्टणावरील नाव वाचले की पशुवैद्याचा अर्धा तास वाचतो.

गवतासारखे, पण गवत नव्हे

लांब, अरुंद पाने दिसली की सारे गवतच, असे नाही. पायवाटेच्या कडेने ओळीत लावलेली आणि पहिल्या पावसाबरोबर गुलाबी-पांढऱ्या फुलांनी बहरणारी रेन लिली फुले नसताना हुबेहूब गवतासारखी दिसते. तिच्या कंदात मात्र लायकोरिन गटातील द्रव्ये असतात. पाने चावून फार बिघडत नाही, कंद उकरून खाणाऱ्या पिल्लाला मात्र उलट्या-जुलाबांनी बेजार व्हावे लागते. गवती चहा हे खरेखुरे गवत. त्यातील तेलामुळे आणि चिवट धाग्यांमुळे काही कुत्र्यांचे पोट बिघडते, याहून अधिक काही सहसा होत नाही. पॅम्पास ग्रास विषारी नसले, तरी त्याच्या पानांच्या कडा करवतीसारख्या धारदार असतात आणि झुबक्यात तोंड खुपसणाऱ्या कुत्र्याचे नाक-डोळे त्या चिरू शकतात.

खरी चिंता करावी ती सायकसची. छोट्या पामसारखे दिसणारे हे झाड बाग सजवणारे लोक फाउंटन ग्रासच्या शेजारी हमखास लावतात. त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि बी तर सर्वाधिक. एक-दोन बियाही यकृत निकामी करण्यास पुरेशा ठरू शकतात. आधी उलट्या होतात, नंतर थोडे बरे वाटल्याचा भास होतो आणि दोन-तीन दिवसांत कावीळ दिसू लागते. कण्हेर आणि बिट्टी हृदयावर परिणाम करतात, हे बहुतेकांना माहीत असते, पण सायकसविषयी अनेक मालकांना कल्पना नसते. संकुलाच्या बैठकीत गवत उपटण्याचा ठराव येतो आणि सायकस मात्र कुंडीत मानाने उभे राहते, ही विसंगती म्हणायला हवी.

झुबक्यात दडलेले

दाट झुबक्याच्या बुडाशी सावली, ओलावा आणि उंदीर असतात. जेथे उंदीर, तेथे साप येण्याची शक्यता. शहराच्या सीमेवरील, टेकडीच्या पायथ्याच्या किंवा शेतांना लागून असलेल्या संकुलांत घोणस अशा गवतात निपचित पडून राहते. हुंगायला गेलेल्या कुत्र्याला दंश होतो तो नाकावर किंवा तोंडावर. चेहरा झपाट्याने सुजला आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर पट्टी बांधण्यात किंवा जखम चिरण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारी सर्पविषप्रतिबंधक लस आपल्या देशात तयार होते आणि कुत्र्यांनाही तीच दिली जाते. रात्री ती कोणत्या दवाखान्यात मिळते, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

गोचिडांचे खापर मात्र गवतावर फोडण्यात फारसा अर्थ नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत, कुत्र्याच्या अंथरुणाजवळ आणि जिन्याच्या कोपऱ्यांत अंडी घालते. गवत कापून ती जात नाही.

लावावे की नाही?

शोभेचे गवत आवडत असेल, तर कुत्र्यासाठी ते उपटून टाकण्याची गरज नाही. निवड करताना थोडे चोखंदळ राहावे. जांभळट-तांबड्या पानांची ‘रुब्रम’ नावाची जात बहुतांशी वांझ असते, म्हणजे तिला रुजणारे बी जवळजवळ धरत नाही. हिरव्या पानांच्या मूळ जातीचे तसे नाही. तिचे बी वाऱ्यावर दूरवर जाते आणि रुजते. हवाई बेटांवर या गवताने डोंगर व्यापले असून वाळलेल्या गवतामुळे तेथील वणव्यांना बळ मिळते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये ते घातक परक्या वनस्पतींच्या यादीत घातले. कुसळी निदान या मातीतली आहे, पाहुणे म्हणून आणलेल्या या गवताला टेकड्यांवर जाऊ देणे कोणाच्याच हिताचे नाही. कुत्र्याच्या मालकाचे आणि टेकडीप्रेमींचे हित येथे एकच आहे.

झुबके कुत्र्यांच्या नेहमीच्या वाटेपासून दोन-तीन हात आत लावले, तर बराच प्रश्न सुटतो. कणसांचा रंग उडून ती भुरकट होऊ लागली की वाळण्याची वाट न पाहता कापावीत. माळ्याला हे सांगावे लागते, कारण त्याच्या वेळापत्रकात छाटणी वर्षातून एकदाच असते. औषध फवारल्यावर किंवा गोळ्या टाकल्यावर त्या जागेवर तारखेसह फलक लावण्याची पद्धत संकुलाने पाडली, तर पाळीव कुत्र्यांइतकाच लहान मुलांनाही त्याचा फायदा होईल. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा, कानांच्या आतली बाजू आणि डोळ्यांच्या कडा हाताने चाचपायला दोन मिनिटे लागतात. स्पॅनियल किंवा गोल्डन रिट्रीव्हरसारख्या लांब केसांच्या, लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे पंजांमधले केस हिवाळाभर आखूड ठेवावेत. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला हा त्रास कमी होतो, हा त्याच्या अनेक गुणांपैकी एक.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. कापलेली वाळकी कणसे संकुलाच्या मागच्या भिंतीशी ढीग करून ठेवली जातात आणि कचऱ्याची गाडी ती नेईपर्यंत आठवडा उलटतो. थंडीच्या दिवसांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना आणि त्यांच्या पिल्लांना झोपायला त्याहून उबदार जागा सापडत नाही. तो ढीग त्याच दिवशी पोत्यात भरून तोंड बांधून ठेवावा.